सिस्टरचा सदाका

आमच्या मुलींच्या वसतिगृहाची जागा भाड्याची होती. परभणीत स्टेशनपासून जवळच, पत्र्याच्या सहा खोल्या आणि मधे फरशी घातलेलं अंगण. घरमालक भला माणूस होता. पण त्याच्या मुलाला तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं, आणि एक दिवस त्यानं चहा पिता पिता हात जोडून सांगितलं, की पुढच्या जूनच्या आत जागा मोकळी करून द्या. राणीसावरगाव, ताडकळस, पोखर्णी अशा गावांतून अकरावी-बारावीला आणि नर्सिंगला आलेल्या तिसेक मुली तिथं राहत होत्या. संस्थेच्या नावावर गावाबाहेर एक प्लॉट होता, त्यावर बाभळी माजल्या होत्या. बांधायला पैसा नव्हता. मी शाळेतली नोकरी सांभाळून वसतिगृहाचं काम बघत होते. पहिले आठ दिवस मी मुलींना काही सांगितलंच नाही.

सांगितलं ते सिस्टरला. सिस्टर सिव्हिल हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या. निम्मी परभणी त्यांच्या हातावर जन्मली असं लोक म्हणायचे. दर रविवारी सकाळी त्या वसतिगृहात यायच्या, मुलींच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून रक्त कमी आहे का बघायच्या आणि ज्यांचं कमी असेल त्यांना शेंगदाणे-गुळाचे लाडू खायला बसवून त्यांच्यासमोर बसून राहायच्या. गावातले लोक त्यांना ख्रिश्चन समजायचे, काही जण मुसलमान समजायचे. त्या दोन्ही नव्हत्या. त्या बेने इस्राएल होत्या, कोकणातल्या ज्यू. नवरा रेल्वेत गार्ड होता, पूर्णेला बदली झाली म्हणून दोघं इकडे आले. तो गेला, मूलबाळ नव्हतं, तरी त्या परत गेल्या नाहीत. त्यांचे निम्मे नातेवाईक ठाण्याला होते, निम्मे कधीच इस्राएलला निघून गेले होते. त्यांच्या दाराच्या चौकटीला उजवीकडे बोटाएवढी एक डबी तिरकी ठोकलेली होती. आमच्या एका मुलीनं ती बेल समजून बराच वेळ दाबली होती. सिस्टरनी आतून बघितलं, हसल्या, आणि आत प्रार्थनेचा कागद असतो असं तिला सांगितलं.

जागेची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "मग मागू या आमच्या लोकांना."

"त्यांचा आणि आपला काय संबंध, सिस्टर?"

"मी आहे ना. एवढा संबंध पुरतो."

घरी येऊन मी हे दादांना सांगितलं. दादा म्हणजे माझे वडील. कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपाई म्हणून लागले आणि लिपिक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, "माय, हे काय मला बरोबर वाटंना."

मला कारण माहीत होतं. आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला त्या आठवड्यात सणासुदीला दारोदार भाकरी मागायची टोपली चुलीत घातली होती. दादा तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. टोपली जळताना तिच्या काड्या कशा तडतडत होत्या ते त्यांना अजून आठवतं. आमच्या घरात उसनं मीठसुद्धा मागितलेलं मी पाहिलेलं नाही.

"सरकारला मागा," ते म्हणाले. "त्यो आपला हक्क हाय. लोकायपुढं हात कशाला पसरायचा?"

सरकारला आम्ही तीन वर्षं मागत होतो. ते त्यांनाही माहीत होतं. पण मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना दादांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, त्यांना राग येईल. त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर बोलतात ते. मलाही हात पसरायचा नाही. आमच्यात सदाका म्हणतात."

"सदका? शेजारच्या खाला उतरवतात तो?" आमच्या गल्लीतल्या खाला कुणी आजारी पडलं की सदका काढायच्या.

"शब्दाचं घराणं एकच असेल. आमच्याकडे त्याचा अर्थ न्याय असा. देणारा उपकार करत नाही, ज्याचं त्याला पोचवतो. आणि एक नियम आहे. ज्याला सदाका मिळतो त्यानंही दिला पाहिजे. कितीही गरीब असला तरी. तुझ्या वडिलांना एवढं सांग."

मी सांगितलं. दादा म्हणाले, "आपुन काय देणार त्येंला?" आणि विषय तिथंच राहिला.

सिस्टरनी कामाला सुरुवात केली. आधी मला पत्र लिहायला सांगितलं. मी रात्रभर घासूनपुसून दोन पानं लिहिली. त्यात ग्रामीण, मागास, निराधार, आर्थिकदृष्ट्या दुर्बल असे सगळे शब्द होते, जे आम्ही सरकारी अर्जात वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो. सिस्टरनी लाल पेन घेतला आणि एकेक शब्द खोडत गेल्या, जसं काही पेशंटच्या कागदावरची चुकीची औषधं खोडतायत.

"ह्यातली निराधार कोण गं?"

मी विचार केला. "तशी कुणीच नाही. सगळ्यांना आई-बाप आहेत. एकीला आई नाही, पण मामा आहे."

"मग लिहिलंस कशाला? बाय, माझी मावसबहीण ऐंशीच्या पुढं आहे. तिला दुर्बल लोकांची यादी पाठवलीस तर ती कागद बाजूला ठेवील आणि झोपेल. तिला बातमी पाठव. कोण काय शिकते, कोण कुणाशी भांडली, काय खाल्लं. पैशाचं एक वाक्य लिही. तेही शेवटी."

तसं पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. त्यात मी लिहिलं, की पोखर्णीची एक मुलगी पालीला इतकी घाबरते की स्नानगृहात जाताना मैत्रिणीला दाराशी उभं करून मोठ्यानं रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायला लावते, आणि त्यामुळे त्या मैत्रिणीला आता सगळी सूत्रं पाठ झालीत. सिस्टर हे वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हे पत्र फोटो काढून ठाण्याला गेलं आणि इस्राएललाही.

अडचण लगेच आली. इस्राएलहून सिस्टरच्या मावसबहिणीचा निरोप आला की आम्ही दहा-बारा घरं मिळून पैसे पाठवतो, खातं कळवा. मी आमच्या ऑडिटरकडे गेले. त्यानं नकारार्थी मान हलवली. परदेशातला पैसा घ्यायला सरकारची वेगळी परवानगी लागते, आमच्या संस्थेकडे ती नव्हती, आणि मिळायला वेळ लागला असता. "एक रुपया पण घेऊ नका, ताई," तो म्हणाला. "संस्था गोत्यात येईल."

सिस्टरनी तिकडे फोन लावून तसं सांगितलं. मी शेजारी बसले होते. मग म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "पैसे पाठवता येत नाहीत ना? फोन तर करता येतो?"

आणि ती माणसं कामाला लागली. इस्राएलच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा एका गावात ती सगळी राहायची. कुणी वीस वर्षांचं असताना गेलेलं, कुणी पाळण्यात असताना. दर गुरुवारी दुपारी ती तिथल्या एका सभागृहात जमून पत्ते खेळायची, चकल्या खायची. आता पत्ते बाजूला ठेवून प्रत्येकानं आपापल्या इकडच्या भाच्याला, पुतण्याला, शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावायला सुरुवात केली. ठाणे, पनवेल, पुणे, अलिबागकडची गावं. इथं राहणाऱ्या, इथल्याच माणसांना. "अरे, तू परभणीच्या मुलींना काही दिलंस का?" असं थेट विचारायची. ज्याला तीस वर्षांत चुलत्याचा फोन आला नव्हता त्याला अचानक असा फोन यायचा. पैसे यायला लागले. थोडे थोडे, पण दर आठवड्याला. कुणी लग्नाच्या वाढदिवसाला पाठवायचं, कुणी आईच्या स्मृतिदिनाला.

सिस्टरच्या शिस्तीप्रमाणे मी प्रत्येकाला फोन करायची. शुक्रवारी दुपारी चारच्या आत, कारण संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि तो शनिवारी संध्याकाळी संपेपर्यंत फोन करायचा नाही. "आभार मानू नकोस सारखी," सिस्टर म्हणायच्या. "माणसाला अवघडल्यासारखं होतं. पुढची बातमी सांग." तिकडच्या म्हाताऱ्यांना मात्र पैशाची पावती नव्हती, म्हणून त्यांना मी दर महिन्याला पत्र लिहायची. ते गुरुवारी मोठ्यानं वाचलं जायचं. उत्तरं व्हॉट्सअॅपवर आवाजात यायची. जुनं, खारं, कोकणी वळणाचं मराठी. "पालीवाली पास झाली काय?" "ती भांडकुदळ आहे ना, तिला सांग मीही तशीच होते." मुली ते आवाज अंगणात बसून पुन्हा पुन्हा ऐकायच्या. एक महिना तिकडे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजत होते आणि एकही निरोप आला नाही, तेव्हा मुली रोज मला विचारायच्या, "मॅडम, आज्जीचा आवाज आला का?" मग एक दिवस आला. ते सगळे तळघरात बसून पत्रच वाचत होते म्हणे.

हिवाळ्यात सिस्टरचा भाचा ठाण्याहून आला. पन्नाशीचा, छपाईचा धंदा असलेला, कोकणातल्या त्यांच्या मूळ गावच्या कबरस्तानाचा विश्वस्त. तो चांगली मोठी रक्कम द्यायला तयार होता. त्याला फक्त मुलींचे फोटो हवे होते. पत्र्याच्या खोल्यांत, जमिनीवर बसलेल्या, जेवणाची ताटं घेतलेल्या. त्याचं एक पत्रक छापून तो आणखी लोकांकडे जाणार होता.

मी मुलींना विचारलं. राणीसावरगावची एक मुलगी, बारावीची, फारशी न बोलणारी, म्हणाली, "मॅडम, आमी काय करायलोत ते दाखवा की. आमाला कशाला दाखवायलेत?"

मी ते भाच्यासमोर तसंच सांगितलं. तो थोडा ओशाळला, थोडा चिडला. "अहो, लोक बघितल्याशिवाय देत नाहीत. मला अनुभव आहे."

सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या आजोबांच्या घरी दर शुक्रवारी मशिदीतून पीठ यायचं. दाराबाहेर ठेवून माणूस निघून जायचा. कुणी ठेवलं ते तुझ्या आजीला मरेपर्यंत कळलं नाही. कळू नये म्हणूनच ते तसं ठेवायचे." त्यांच्या प्रार्थनामंदिराला त्या जुन्या पद्धतीनं मशीद म्हणायच्या.

भाच्याला हे माहीत नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग बोलणं कबरस्तानावर गेलं. शेजारच्या जमीनवाल्यानं कुंपण पुढं सरकवलं होतं आणि ही जागा तुमची कशावरून, असं विचारत होता. विश्वस्तांकडे जुनी कागदं होती, पण ती मोडीत. कुणाला वाचता येत नव्हती. पुण्याच्या एका माणसाकडे दिली, त्यानं सहा महिने ठेवून न वाचता परत पाठवली. भाच्याच्या फोनमध्ये त्यांचे फोटो होते.

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी समजले.

रेकॉर्ड रूममध्ये दादांच्या काळी निजामाच्या राजवटीतल्या कागदांचे बस्ते होते, बरेचसे उर्दूत, काही मोडीत. शिपाई असताना बस्ते काढून देण्याचंच काम होतं. पण एका म्हाताऱ्या कारकुनाच्या शेजारी बसून दादा दोन्ही लिप्या शिकले, कुणी सांगितलं नसताना. सगळी कचेरी अडलं की त्यांच्याकडे यायची. निवृत्तीनंतर ते कुणालाच लागत नव्हतं.

मी घरी जाऊन सांगितलं. दादा लगेच उठले. इस्त्रीचा सदरा घातला, भिंग घेतलं आणि माझ्या स्कूटीवर मागं बसून सिस्टरच्या घरी आले. भाच्यानं फोन पुढं केला. दादा म्हणाले, "असं न्हाई जमायचं. मोठं करून छापून आना." भाचा स्टेशन रोडला जाऊन छापून घेऊन आला. दादांनी पहिला कागद टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर सिस्टरच्या औषधाच्या बाटल्या ठेवल्या आणि बोट फिरवत फिरवत, अडत अडत वाचायला लागले. गावाचं नाव. ओढा. चिंचेचं झाड. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. मग म्हणाले, "इथं लिवलंय, मयत पुरण्यास जागा शनवार तेल्यांस दिली असे."

भाच्यानं विचारलं, "म्हणजे कुणाला?"

"आपल्याला," सिस्टर म्हणाल्या. "आपले लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. म्हणून गावात शनवार तेली."

"पण आपलं नाव कुठं आहे?"

दादांनी भिंग खाली ठेवलं. "नाव न्हाई. आमच्याबी जुन्या कागदात आमच्या बापजाद्यायचं नाव न्हाई. नुस्ती जात लिवलेली हाय. मी तीस वर्सं बस्ते उघडले, माझ्या आज्ज्याचं नाव मला एकाबी कागदात घावलं न्हाई." मग कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, "पन जागा तुमची हाय. ते मातर पक्कं लिवलंय."

सिस्टर चहा टाकायला आत गेल्या आणि नेहमीपेक्षा उशिरा बाहेर आल्या.

पुढचे दोन महिने दादा रोज सकाळी जेवणाआधी एक कागद घ्यायचे. देवनागरीत स्वच्छ नक्कल करायचे, अक्षर लागलं नाही तिथं रेघ सोडायचे. त्या दिवसांत ते घरात गुणगुणायला लागले होते, जे आई गेल्यापासून मी कधी ऐकलं नव्हतं. ती नक्कल भाच्यानं कोकणात नेली. त्या गावच्या सरपंचासमोर दोन्ही बाजू बसल्या, चिंचेच्या झाडाचा बुंधा सापडला, आणि शेजाऱ्यानं कुंपण मागं घेतलं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

भाच्यानं फोन करून दादांना विचारलं, "काका, तुमची फी किती?"

"फी न्हाई."

"मग आम्ही तुम्हाला काय द्यावं?"

दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरींच्या खोल्यायला द्या की. आता चालतंय." त्यांच्या आवाजात जराही अवघडलेपण नव्हतं. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

बांधकामाला वेळ लागला, आणि जून काही गाठता आला नाही. घरमालकानं मुलाला समजावून दिवाळीपर्यंत मुदत वाढवली, आणि नव्या इमारतीच्या खिडक्यांच्या लोखंडी चौकटी आपल्याकडून म्हणून बसवून दिल्या. दोन मजल्यांवर मिळून आठ खोल्या झाल्या, वर पक्की स्लॅब. भाच्यानं पत्रक छापलं, त्यात फोटोऐवजी मुलींनीच लिहिलेली पत्रं होती. ते पुष्कळ लोकांनी वाचलं असं तो सांगतो. त्यानं भिंतीवर पाटी लावायचं मात्र सोडलं नाही. ज्यांच्या स्मरणार्थ पैसे आले त्यांची नावं असायलाच हवीत, असं त्याचं म्हणणं. सिस्टर आणि तो यावरून तीन दिवस बोलत नव्हते. शेवटी मुलींनी पाटी जिन्याच्या वळणावर लावायला सांगितली, तिथं खाली-वर जाताना ती वाचली जाते, आणि आता त्यातली निम्मी नावं त्यांना पाठ आहेत.

उद्घाटनाला इस्राएलहून मावसबहीण आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, पांढरे केस, पायांत खेळाडूंचे बूट. सिस्टरनी अंगणात मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर केळी-सफरचंदाच्या फोडी. नवस फेडायला किंवा आनंदाच्या वेळी त्यांच्यात नबीच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या प्रेषिताच्या, नावानं हे करतात. भाच्यानं हिब्रूत प्रार्थना म्हटली. मग मुलींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. दोन्ही संपेपर्यंत म्हातारी डोळे मिटून उभी होती. नंतर तिनं पहिलं काय विचारलं असेल तर, "ह्यांच्यातली पालीवाली कुठली?" ती पुढं आली. ती तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. म्हातारीनं तिचा हात जो धरला तो जेवणं होईपर्यंत सोडला नाही.

सिस्टरचे गुडघे आता चालू देत नाहीत. रविवारी आम्ही त्यांना रिक्षानं आणतो. त्याच वेळी दादा तळमजल्याच्या खोलीत पाच-सहा मुलींना मोडी शिकवतात, कारण कोकणातल्या दुसऱ्या दोन गावांनीही आपली जुनी कागदं पाठवली आहेत. गेल्या रविवारी राणीसावरगावच्या मुलीची धाकटी बहीण एक मोडी यादी वाचत होती. एका गावातली मशीद बांधताना कुणी काय दिलं त्याची. दोन पायली भात. चार वासे. एका दिवसाची मजुरी. एका ओळीवर ती अडली आणि बोट ठेवून सावकाश वाचलं, "दिव्यास तेल, घाण्यावरील बाई."

"बाईचं नाव न्हाई का, आजोबा?"

"न्हाई दिसंना," दादा वाकून म्हणाले.

सिस्टर खुर्चीत बसून एका मुलीची पापणी ओढून बघत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "नक्कल करताना ती ओळ गाळू नका हं."

"न्हाई गाळत," मुलगी म्हणाली, आणि वहीत लिहायला लागली.